दिसायला हवी होती ती सावली

सप्तपर्णी फुलली आहे. मुलुंडच्या या हॉस्पिटलच्या कंपाउंडला लागून तिची ओळच आहे आणि ऊन उतरलं की तिचा वास कॉरिडॉरमध्ये शिरतो. लोक त्याला सुगंध म्हणतात. म्हणोत बापडे. मला तो सोसत नाही. नाकाला पदर लावून बसले तर समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "डोकं दुखतंय का ताई?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसायचं म्हणजे फार मागं जावं लागलं असतं.

काल सकाळी माझ्या धाकट्या बहिणीला, वैशूला, मुलगा झाला. वजन चांगलं, रडणं खणखणीत, जावळ इतकं दाट की नर्सनं हसत भांग पाडून दाखवला. त्याचं रक्त घेऊन वैशूचा नवरा रोशन स्वतः शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये गेला आहे. त्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आहेत की नाहीत, एवढंच आम्हाला कळायचं आहे. असल्या तर तो चार मुलांसारखा वाढेल. नसल्या तर याचा मोठा भाऊ सम्यक ज्या वाटेनं गेला, ती वाट याच्याही पुढ्यात आहे. रोशनचा फोन यायचाय. तोवर बाळ वेगळ्या खोलीत, वैशू त्याच्याजवळ तोंडाला मास्क लावून, आणि आम्ही बाहेर बाकावर: आई, दादा आणि मी.

दादा म्हणजे आमचे वडील.

सम्यकचा ऑक्टोबरही असाच होता. पाऊस गेलेला, पण डबकी राहिलेली. वरून असं ऊन की डांबराला चप्पल चिकटावी. घाटकोपरला आमच्याकडे हा तापाचा हंगाम. महापालिकेची धुराची माणसं गल्लीतून घरघरत जातात, पोरं त्या धुरात नाचतात, आणि धूर विरला की डास पुन्हा कामाला लागतात. या दिवसांत आमच्याकडे 'कसे आहात' असं कुणी विचारत नाही, 'प्लेटलेट्स किती?' असं विचारतात. भाजीवालीलाही प्लेटलेट्स कळतात. पपईच्या पानांचा रस कुणी किती प्यायला, कुणाच्या किती वाढल्या, यावर जिन्यात पैजा लागायच्या बाकी असतात. रक्ताच्या रिपोर्टवर बाकीही ओळी असतात, पण त्या वाचायला सवड कुणाला.

लहानपणी आम्हाला रक्ताबिक्तातलं काही कळत नव्हतं, पण अवधाण कळायचं. पायात खिळा घुसला, जखम चिघळली, की जांघेत गाठ यायची. दुखायची, चालू द्यायची नाही. आई तांदळाच्या पिठाचं गरम पोटीस बांधायची आणि म्हणायची, "दुखू दे. जखम वर निघाली होती, तिथं अडवलीय." कुणी अडवलीय, हे तिला सांगता यायचं नाही. दादा सांगायचे. ते महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि घरातला प्रत्येक फोड, प्रत्येक उलटी हा त्यांच्यासाठी धडा असायचा. मानेला, काखेत, जांघेत आपल्या चौक्या आहेत, तिथले शिपाई लढले की चौकी सुजते, असं ते म्हणायचे. मग मी रात्रंदिवस त्या गाठीवर बोट ठेवून आतली लढाई ऐकू येते का बघायची.

तर आमचं घर असं. जालन्याकडच्या गावातून माझे आजोबा मुंबईला आले ते धम्म घेऊन, आणि दादांनी तो अंगात भिनवला. घरात कधी दृष्ट काढली गेली नाही, लिंबू-मिरची टांगली गेली नाही, अमावास्येला प्रवास टाळला गेला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, मास्तरांच्या घरी सगळंच रोखठोक. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पोरींनी शिकावं, डॉक्टरकडे जावं, कुणाच्या शापाला भिऊ नये, हे आम्हाला ज्या माणसानं शिकवलं त्याच्याविषयी मी हे लिहिते आहे, आणि लिहिताना हात जड होतो.

सम्यकचं नामकरण पावसाळा संपता संपता झालं. सोसायटीचा हॉल, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, मग व्हेज पुलाव आणि गुलाबजाम. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. जो तो त्याचे मुके घेत होता. आज तो हॉल डोळ्यांपुढं आणला की माणसांचे चेहरे धूसर होतात आणि नुसते खोकले ऐकू येतात. तेव्हा मात्र मी मजेत होते, गुलाबजाम वाढत होते.

साकीनाक्याहून सखूमावशी आली होती, आईची थोरली बहीण. तिनं बाळाला हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "गोदे, पोराचं नाक टोचून घे. अन् सम्यक-बिम्यक काय म्हणतीस, दगडू म्हण दगडू. आपल्यात पोरं टिकत न्हाईत, तुला काय ठावं न्हाई व्हय?"

गावाकडे ही जुनी रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं झालेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायची, मुलीसारखं त्याचं नाक टोचायचं. म्हणजे मरणाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही, आणि त्यानं पुढच्या घरी जावं.

वैशूचा चेहरा पडला. दादा पुढं झाले. आवाज चढवला नाही, पण वर्गातला सूर लागला. "अक्का, जेवून घ्या. पण हे या घरात नको. हे सगळं आपण वेशीबाहेर टाकून आलो. पोरं नावानं जगत नाहीत, दवापाण्यानं जगतात."

"मास्तर, म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"जेवून घ्या, अक्का."

मी मनात टाळी वाजवली होती. आईनं मावशीचं ताट वाढलं आणि आत जाऊन बराच वेळ पाणी भरत बसली.

त्यानंतर काहीच एकदम झालं नाही, म्हणून तर कळलं नाही. सम्यकच्या तोंडात पांढरं आलं. दूध साचलं असेल म्हणून आईनं बोटाला फडकं गुंडाळून पुसलं, ते निघेना. जुलाब लागले, थांबले, पुन्हा लागले. वजन वाढेना. जन्मल्यावर सगळ्या बाळांना देतात ती क्षयाची लस त्यालाही दिली होती. दंडावरचा तो फोड पिकतो, सुकतो आणि आपल्या सगळ्यांच्या दंडावर असतो तसा वण राहतो. सम्यकचा पिकला तो सुकेचना. आई म्हणाली, लस चांगली लागू झाली. मग बारीक खोकला सुरू झाला, मांजर खोकतं तसा. सगळ्यांत वाईट म्हणजे तो रडायचाही हळूच. "किती गुणी गं तुझं बाळ," असं बायका वैशूला म्हणायच्या आणि ती खुलायची.

आमच्या भागातले मुलांचे डॉक्टर भले माणूस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, जो तो तापलेला. त्यांनी रक्त तपासलं. "डेंग्यू नाही. प्लेटलेट्स झकास आहेत," ते म्हणाले, आणि आमचा जीव भांड्यात पडला. दादांनी तर येता येता जिन्यातच तिघांना सांगितलं. औषध लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारलं होतं, "काका, फॅमिलीत कुणाची लहान मुलं दगावलीत का? तुमच्याकडे, काकूंच्या माहेरी?"

"नाही हो डॉक्टर," दादा म्हणाले. "तसलं काही नाही आमच्यात."

मी तिथंच होते. मला ते खोटं वाटलं नाही, कारण मलाही काही ठाऊक नव्हतं. आई मात्र बाळाच्या टोपीची नाडी सोडत आणि बांधत होती. आज मला वाटतं, दादांना तो प्रश्न डॉक्टरांच्या तोंडून ऐकूच आला नाही. त्यांना तो सखूमावशीच्या तोंडून ऐकू आला आणि त्यांनी तिला उत्तर दिलं. हॉलमध्ये दिलं तेच. ज्या घरात दृष्टीला थारा नव्हता त्या घरात मेलेल्या मुलांनाही थारा उरला नव्हता. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून वेशीबाहेर टाकलेलं.

खोकला वाढला तेव्हा आम्ही पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला निघालो. पवईला गाड्या हलत नव्हत्या म्हणून आमच्या रिक्षावाल्यानं आरेच्या जंगलातून घातली; आई-दादा मागच्या रिक्षात होते. भर दुपार होती, पण आत शिरलो आणि उजेड कमी झाला. तबेल्यांचा वास, ओल्या पानांचा वास, आणि मग कुठून तरी सप्तपर्णी. वैशूनं पदर बाळाच्या तोंडावर धरला होता. "ताई, हा श्वास घेतोय ना गं? बघ ना," ती दर वळणाला म्हणत होती. मी त्याच्या नाकापुढं बोट धरायची. गरम वारा लागायचा. "घेतोय गं," मी म्हणायची. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यानं हॉर्न वाजवणं बंद केलं. आयुष्यात मी त्या रस्त्यानं सहलीला कितीदा गेले असेन, पण आता आरे म्हटलं की मला माझं ते बोट आठवतं.

तिथल्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी सम्यकच्या मानेला हात लावला. काखेत बोटं फिरवली, जांघेत फिरवली, जिभेवर चमचा दाबून घशात पाहिलं. पुन्हा मानेला हात. काहीतरी शोधावं आणि सापडू नये, तसं त्यांचं चाललं होतं. मग त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडावर धरला. आमच्यासारख्यांना एक्स-रे वाचता येतो असं आम्हाला वाटतं. अर्ध्या वस्तीला क्षय होऊन गेलेला. एक्स-रेवर डाग असला की वाट लागली, नसला की सुटलो. फुप्फुसात पांढुरकं दिसत होतं, ते मलाही दिसलं. पण त्यांचं बोट मध्ये, छातीच्या हाडापाशी थांबलं होतं.

"इथं एक सावली दिसायला हवी होती," त्या म्हणाल्या. "बाळांमध्ये असते. थायमस म्हणतात तिला. याला ती दिसतच नाहीये."

असलेल्या डागाला आम्ही आयुष्यभर भीत आलो होतो. नसलेल्या सावलीला कसं भ्यायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. दादा नेहमीसारखे पुढं झाले आणि त्यांनी विचारलं, थायमसचं काम काय. डॉक्टरबाईंनी समजावलं. हाडांतल्या मज्जेत लिम्फोसाइट जन्मतात. त्यांतल्या काही या थायमसमध्ये जातात, तिथं त्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखायला शिकवलं जातं. ज्या आपल्यावरच धावून जातात त्यांना तिथंच संपवतात. उरलेल्या बाहेर पडतात आणि गळ्यातल्या, काखेतल्या गाठींमध्ये ठाण मांडतात. माणूस मोठा झाला की थायमस आक्रसते. पुढचा जन्म त्या शिकून गेलेल्यांवर काढायचा.

"म्हणजे शाळा," दादा म्हणाले.

"हो काका, शाळाच. पण तुमच्या नातवाच्या शाळेत मुलंच आली नाहीत. याच्या रक्तात लिम्फोसाइट जवळजवळ नाहीतच."

त्यांनी आमचा जुना रिपोर्टही पाहिला. लिम्फोसाइटचा तो नगण्य आकडा प्लेटलेट्सच्या खालीच छापलेला होता. तो त्यांनी घडी करून फायलीत ठेवला. लसीचंही त्यांनी हळूच सांगितलं: ती लस लाखो मुलांना वाचवते, द्यायलाच हवी, पण तिच्यातले जिवंत जंतू अडवायला ज्याच्याकडे कुणीच नाही, त्याच्या अंगात ते पसरतात. वैशू त्या दंडाकडे बघत राहिली.

मग बाईंनी तोच प्रश्न विचारला, पण वेगळ्या तऱ्हेनं. दादांना नाही, आईला. "काकू, तुम्हाला भाऊ किती?"

आईनं आधी दादांकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"जगलेले का झालेले?"

बाईंनी कागद पुढं ओढला.

"झालेले सांगा," बाई म्हणाल्या.

आई सांगू लागली. गावाकडची भाषा तिच्या तोंडात परत आली होती. एक दगडू, एक धोंडू, एकाचं नावच ठेवलं नव्हतं. सगळे पावसाळ्यातले, सगळे रांगायच्या आत गेलेले. तोंडात पांढरं यायचं, पोट वाहायचं, खोकायचे. मुलींना काही व्हायचं नाही. दगडूचं नाक टोचलेलं होतं, ते भोकही बुजलं नाही शेवटपर्यंत. तिच्या आजीचेही असेच गेले म्हणतात. एवढं बोलून ती थांबली, आणि मला वाटलं झालं. तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आमचा आनंद."

आनंद कोण? मी वैशूकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

"या दोघींच्या आधीचा," दादा म्हणाले. "मी म्हटलं गॅस्ट्रो होता. वस्तीत पाणी घाण यायचं, गॅस्ट्रोच असणार. गोदा म्हणायची हे तेच आहे, आमच्या घरातलं. मी म्हटलं, गोदा, असलं बोलायचं नाही. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही." त्यांनी भिंतीवर तळहात टेकला. "विज्ञानाचा मास्तर मी. ती मला सांगत होती हो, आणि मी तिला गप्प बसवलं."

मला एक भाऊ होता. चाळिशी उलटल्यावर, डॉक्टरांच्या केबिनमध्ये, मला तो मिळाला आणि त्याच मिनिटाला गेला.

बाईंनी सांगितलं की हे आईकडून मुलांत उतरतं. मुलीला धक्का लागत नाही, ती नुसती पुढं नेते. मुलगा झाला तर त्याच्या वाट्याला येण्याची भीती निम्मी. लवकर कळलं, बाळाला जंतूंनी गाठायच्या आत कळलं, तर दुसऱ्या कुणाची मज्जा देऊन ते वाचवता येतं. "आधी कळलं असतं तर," हे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. गरजच नव्हती. वैशूची मज्जा द्यायची ठरली, तयारीही सुरू झाली. पण खोकल्यानं आणि त्या दंडावरच्या फोडानं आतून सगळं व्यापलं होतं. थंडी पडायच्या आत सम्यक गेला. जाताना त्याला साधा तापही नव्हता.

सखूमावशी आली, वैशूला पोटाशी धरून रडली, आणि जाताना म्हणाली, "मी सांगत हुते." दादांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. तिनं मुलं जाताना पाहिली होती आणि औषध म्हणून एक नथ सुचवत होती. त्यांच्याकडे औषध होतं आणि ते पाहायला तयार नव्हते. मधल्या मध्ये आई, जिला सगळं ठाऊक होतं आणि जिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला एकच मुलगी आहे. कॉलेजात जाते, जोरजोरात हसते, आरशापुढं तासभर केस विंचरते. माझं रक्त तपासलं, मी वाहून नेणारी निघाले. तिचं अजून तपासलेलं नाही. "कशाला मम्मी, मला काय होतंय?" ती म्हणते. तिला काही होत नाही, हे खरंच आहे. ती पाठमोरी बसली की मी तिच्या मानेकडे, केसांखालच्या त्या जागेकडे बघते, आणि ती वळली की काहीतरी भलतंच विचारते.

वैशूला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटातल्या पाण्याची तपासणी करून आधीच कळू शकतं. ती नको म्हणाली. "कळलं तर मी काय करू ताई? तू सांग, काय करू?" सगळ्यांनी मनातून मुलगी मागितली. आमच्या घरात कधी कुणी काही मागत नाही, मागायचं कुणाकडे हाही प्रश्नच. तरी मागितली. काल आतून नर्स आली आणि तिनं हसत 'मुलगा' म्हटलं, तेव्हा आई मटकन खाली बसली. नर्स बिचारी घाबरली. इथं बायका मुलगी झाली म्हणून खाली बसलेल्या तिनं पाहिल्या असतील.

लगेच दुसरी एक नर्स लसीचा ट्रे घेऊन आली. दादा दारात आडवे उभे राहिले. "याच्या घराण्यात मुलं गेलीत, सिस्टर," ते म्हणाले, आणि न थांबता सगळी नावं सांगितली, आनंदचं, सम्यकचंही. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती. आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, मग लस, असं डॉक्टरांनीही लिहून ठेवलंच होतं; ती नर्स नवी होती. पण दादांना ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं, असं मला वाटतं.

बाहेर दिवे लागलेत. खाली धुराची गाडी येऊन गेली, त्याचा वास फुलांच्या वासात मिसळलाय. आई खोलीच्या काचेला नाक लावून उभी आहे. आत वैशू बाळाला पाजते आहे, पण त्याच्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघते. कालपासून तिनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारलेली नाही, साधं 'बाळा' म्हणूनसुद्धा नाही.

समोरच्या बाकावरची ती बाई उठली. तिच्या सुनेला आज मुलगा झाला. हातात मिठाईचा खोका घेऊन ती सगळ्यांना वाटत निघाली आहे. आमच्यापाशी थांबली. "तुमच्याकडं काय आजोबा? पेढे का बर्फी?"

"मुलगा आहे," दादा म्हणाले.

"अगं बाई! मग घ्या की, तोंड गोड करा."

दादांनी हात पुढं केला. पेढा घेतला, तिला नमस्कार केला. ती पुढं गेली. त्यांनी पेढा तोंडात घातला नाही, खालीही ठेवला नाही. मूठ मिटून मांडीवर ठेवली आहे. बोटांच्या फटीतून तूप पाझरायला लागलंय. दादांच्या आणि माझ्या मध्ये, बाकावर माझा मोबाइल आहे, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करतोय.